मानेमागचा देश

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. रंग लाल, पण कोपऱ्यांवरचे पोपडे उडालेत. माझ्या मानेमागे एका देशाचं नाव छापलंय. मित्रांनो, ते मी सांगणार नाही. त्या नावाने मला आयुष्यभर छळलंय.

माझा जन्म झाला तो कारखाना भलामोठा. तपासणाऱ्या बाईंनी जेवणाची घंटा ऐकता ऐकताच मला 'उत्तम' अशी चिठ्ठी चिकटवली. मी उत्तम नव्हते. माझ्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटांना ओरबाडत आणि तारा इतक्या उंच, की खालून पेन्सिल सहज जाई.

मला एका नर्सबाईंनी घरी आणलं. त्यांच्या धाकट्या दिरांनी सूर ऐकायच्या आधीच मला उलटं केलं.

"वहिनी, मागचं नाव वाचलंत का? ही कपडे वाळत घालायला बरी!"

त्यांची स्वतःची गिटार नावाजलेल्या देशातली. ती मखमली पेटीत झोपायची आणि पाहुणे आले की फक्त दर्शन द्यायची.

बाईंनी महिनाभर नेटाने सराव केला. बोटं सोलवटली. इंजेक्शन देताना पेशंटऐवजी त्याच "आई गं" म्हणू लागल्या. शेवटी मी कपाटामागे गेले. इस्त्रीच्या टेबलाशेजारी दोन वर्षं काढली. फार रडू यायचं, पण आवाज निघायला वायर हवी ना!

एकदा कपाट सरकवताना बाईंनी मला पाहिलं आणि तडक वाद्यांच्या मिस्त्रींकडे नेलं.

"काका, स्वस्त देशातली आहे. काही होईल का हिचं?"

मिस्त्रींनी एक डोळा मिटून माझ्या मानेवरून नजर फिरवली. "देशाचं मला कळत नाही, बाई. मान वाकलीय, एवढं कळतं."

त्यांनी मानेतली सळई किल्लीने पिळली, पट्ट्यांची टोकं घासली, तारा खाली आणल्या. संध्याकाळी मी वाजले आणि मलाच माझी ओळख पटेना.

पुढे सासूबाईंची सत्तरी आली. दिरांनी आईला तिचं आवडतं गाणं वाजवून दाखवायचं कबूल केलं होतं. भरल्या घरात मखमली पेटी उघडली. पाच वर्षं ती गिटार मिस्त्रीकडे गेली नव्हती. तारा खडखडल्या, सूर पळाले.

सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, "बाळा, तू जुळवून घे. मग सुरू कर."

"आई, अर्धं गाणं वाजवून झालं गं!"

कुणीतरी खोकून हसू लपवलं. दिरांचे कान लाल झाले. बाईंनी वायर जोडून मला गुपचूप त्यांच्या हातात दिलं. "भाऊजी, हिच्यावर वाजवा."

त्यांनी वाजवलं. दुसऱ्या कडव्याला सासूबाई गुणगुणू लागल्या. भाऊजींचे डोळे भरून आले, आणि त्या दिवशी त्यांनी मला उलटं केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती मखमलीतली मिस्त्रींकडे गेली. आता ती बैठकीत माझ्या शेजारी उभी असते. स्वभावाने साधी आहे बिचारी. तिच्या खुंट्या आमच्याच कारखान्यातल्या निघाल्या, हे मात्र भाऊजींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, वाद्य कुठलंही असो, त्याला वाजवा, पुसा, वर्षातून एकदा जाणत्याला दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणी जवळ असेल, तर आम्हा दोघींना जरा भिंतीकडे सरकवा. खिडकीतून ऊन थेट मानेवर येतंय.