क्रमांक ००१, न हाताळलेली

आमच्या तळघरात व्हिडिओ गेमच्या सहाशे बारा जुन्या कॅसेटी होत्या. चारशे नऊ राखाडी, एकशे शहाऐंशी काळ्या, पंधरा रंगीत आणि दोन सोनेरी. त्यांपैकी सत्तावन्न कॅसेटींच्या पोटात नाण्याएवढा एक सेल होता. अर्धवट सोडलेला खेळ पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता यावा म्हणून. प्रत्येक कॅसेट पिशवीत, पिशवी पारदर्शक डबीत, पिशवीवर एक लेबल आणि डबीवर एक, म्हणजे लेबलं बाराशे चोवीस. फळ्यांची आणि कपाटांची यात धरलेली नाहीत. लेबल छापायच्या यंत्रावरही लेबल होतं: ‘लेबल छापायचे यंत्र’. गेल्या दहा वर्षांत टीव्हीला जोडून खेळलेल्या कॅसेटी: शून्य.

ही मोजणी मी केली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी ओशकोशला घरी परतले होते, नोकरीचे अर्ज पाठवले होते, आणि उत्तरं येईपर्यंत बाबाने मला संग्रहाची शास्त्रीय सल्लागार नेमलं होतं. तोंडाने काही बोलला नाही. एका सकाळी माझ्या कॉफीच्या कपावर लेबल दिसलं: ‘ग्रेटा, शास्त्रीय सल्लागार’.

बाबा, म्हणजे लायल व्हॅन्डेहे, कागदगिरणीत कागदातला ओलावा मोजतो. घरी आल्यावर तळघरातला मोजतो. तिथली आर्द्रता चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर कॅसेटींवरच्या चित्रांचे कोपरे उचलले जातात. अडचण अशी की आमचा कपडे वाळवायचा ड्रायरही तळघरातच आहे. त्याच्यावर बाबाने लेबल लावलं होतं: ‘आर्द्रतेचा स्रोत. विचारल्याशिवाय लावू नये’. म्हणून आई कपडे गॅरेजमध्ये दोरीवर घालायची. आमच्याकडे जानेवारीत गॅरेजमधले कपडे वाळत नाहीत, गोठतात. बाबाच्या जीन्स फळीसारख्या काखेत मारून आत आणाव्या लागत.

माझी आई, टॅमी, शाळेची बस चालवते. साठ मुलांना मागे वळूनही न बघता गप्प करणारी बाई. ती या लेबलापुढे का नमते, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिचं एक काम बाबाकडे अडकलं होतं. त्या कामाचं नाव क्रमांक ००१.

संग्रहातली ही पहिली कॅसेट बाबाची नव्हतीच, आईची होती. खेळाचं नाव ‘सात घंटांचं राज्य’. आई बारा वर्षांची असताना एका हिवाळ्यात तिने सातांपैकी सहा घंटा वाजवल्या, सातवीच्या दाराशी पोचली, खेळ साठवून झोपायला गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने खेळायच्या यंत्रावर कपभर गरम कोको सांडला. नवं यंत्र घरात आलं नाही. कॅसेट मात्र तिने कारखान्याच्या पिशवीसकट जपली आणि लग्न झाल्यावर बाबाला दाखवली. बाबाला ती इतकी आवडली की त्याने आणखी सहाशे अकरा आणल्या. खेळायचं यंत्रही आणलं. ते उत्तम चालू स्थितीत, लेबलासह, कपाटात होतं.

“या वर्षी तरी खेळू दे रे. एकच घंटा राहिलीय,” आई दर वर्षी म्हणायची.

“पाहणी होऊ दे,” बाबा दर वर्षी म्हणायचा.

पाहणी दर एप्रिलमध्ये व्हायची. ती ‘फॉक्स खोरे कॅसेट जतन मंडळ’ करायचं. मंडळाचे सभासद सात. अध्यक्ष रस कुबियाक, बाबाचा शाळेपासूनचा मित्र. कॅसेट जितकी कमी हाताळलेली तितके तिला गुण जास्त. या वर्षी मंडळाने ठरवलं होतं की क्रमांक ००१ला ‘कायम पेटी’चा मान द्यायचा. असा मान अजून कुठल्याही कॅसेटला मिळाला नव्हता.

बाबाने ही बातमी नाश्त्याला सांगितली.

“कायम पेटी म्हणजे?” आईने विचारलं.

“जाड पारदर्शक प्लास्टिक. सगळ्या कडांना गोंद. आत हवासुद्धा जाणार नाही. शनिवारी रस स्वतः येऊन बंद करणार.”

“आणि माझी घंटा?”

“तुला कॅसेट बाहेरून दिसेल ना. सहाही बाजूंनी.”

“लायल, त्या दाराशी मी उभी आहे. बारा वर्षांची. आत.”

“अगं, मग तेच तर जपतोय मी!”

मी शास्त्रीय सल्लागार या नात्याने मध्ये पडले. “बाबा, आतला सेल पस्तीस वर्षांचा आहे. नवा असताना तीन व्होल्ट. दोनच्या खाली गेला की आतली चिप सगळं विसरते. पेटी करण्याआधी उघडून मोजूया. जीव कमी असेल तर मी बदलून देते, आईचा खेळ न पुसता.”

“उघडायची? तो कारखान्यातला स्क्रू आहे, ग्रेटा! त्याला आजवर कुणी पिळलेलं नाही!”

त्या स्क्रूला लागणारा खास पेचकस माझ्याकडे होता. दुपारी तो नाहीसा झाला. संध्याकाळी परत माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्यावर लेबल होतं: ‘वापरू नये’.

मग मी कागदावर हिशेब केला. चिपला लागणारी वीज, सेल आपोआप झिजण्याचा वेग, तळघराचं तापमान, असं सगळं धरून आलेख काढला. तो सांगत होता की सेल सहा-सात वर्षांपूर्वीच संपला असणार. आलेख बघून बाबाचा चेहरा उजळला.

“मग झालं तर! खेळ पुसलाच गेला असेल तर वाद कशाला?”

“गेला असेल तर तसं डोळ्यांनी बघू दे,” आई म्हणाली. “तुझ्या पोरीच्या कागदावर नाही.”

शनिवारी रस कुबियाक आला. पांढरे सुती हातमोजे, दिवा लावलेलं भिंग, आणि गोंदाची बाटली एका वेगळ्या डब्यात. आईने स्वयंपाकघरात ब्रॅटवुर्स्ट सॉसेज परतायला टाकले होते आणि चीजचे तुकडे तळले होते.

“आधी खाऊन घे रे,” तिने जिन्यावरून हाक मारली.

“नको टॅमी, हाताला तेल लागतं. पाहणी म्हणून गुरुवारपासून तळलेल्याला शिवलो नाहीये.”

“बायकोच्या वाढदिवसाला पाळलं होतंस का असं काही?”

रसने ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने कॅसेट डबीतून काढली, पिशवीतून काढली, भिंगाखाली धरली. पुढचं चित्र, कोपरे, कडा. मान हलवत राहिला. मग उलटी केली. मागे काळ्या मार्करने, लहान मुलीच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘टॅमी डोर्न. हात लावलास तर मरशील’.

“शाई,” रस म्हणाला. “अर्धा गुण वजा.”

“अल्कोहोलने निघते,” बाबा म्हणाला. बाकीच्या कॅसेटींवरची नावं त्याने तशीच काढली होती. कुणी केव्हिन, कुणी मार्सी, कुणी ‘मंगळवारी परत दे’. सगळे कापसाच्या बोळ्यांवर गेले. “आत्ता पुसू?”

“पूस की,” जिन्यावरून आई म्हणाली. “पुसलंस तर काय होईल तेही तिथेच लिहिलंय.”

बाबाने बोळा परत ठेवला.

“आता कलम चार,” रस म्हणाला. “कायम पेटीआधी कॅसेट चालते हे सिद्ध झालं पाहिजे. यंत्र लाव, लायल.”

“आणि कलम नऊ?” मी विचारलं. नियमावली मीच टाइप करून दिली होती. “दहा वर्षांत यंत्रात घातलेली कॅसेट न हाताळलेली राहत नाही, असं आहे त्यात.”

“अध्यक्षांनी घातलेली धरत नाहीत.”

“कॅसेटच्या तांब्याच्या पट्टीला कसं कळणार ते? झिजायची ती झिजणारच.”

“ग्रेटा,” रस समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे शास्त्र नाही. हे नियम आहेत.”

बाबाने कपाटातून यंत्र काढलं, त्याच्यावरचं लेबल खराब होऊ नये म्हणून बाजूने धरून टीव्हीला जोडलं. रसने हातमोज्यानेच कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं. एवढ्यात आई ओल्या कपड्यांची टोपली घेऊन खाली आली होती. ती शेवटच्या पायरीवर थांबली.

पडदा निळा झाला. एक बारीक सूर वाजला. मग पांढरी अक्षरं उमटली: ‘टॅमी. घंटा: सहा’.

माझा आलेख सपशेल चुकला होता आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

“आहे,” आई म्हणाली. तिने टोपली जिथे ठेवायला बंदी होती तिथे, बरोबर आर्द्रतामापकाखाली ठेवली आणि हात जीन्सला पुसले. “आहे की रे! सरका. कंट्रोलर कुठेय?”

“कॅसेट चालते, सिद्ध झालं,” रस घाईने म्हणाला. “जास्त वेळ चालू ठेवणं बरं नाही.” आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

“रस, रिसेट धर!”

“काय?”

“बंद करताना आधी रिसेटचं बटण दाबून धर...”

खट् आवाज झाला. पडदा काळा झाला.

आईने डोळे मिटले. “रिसेट दाबून न धरता बंद केलं की खेळ पुसला जातो. आमच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.”

“असं कुठे लिहिलंय?” बाबा म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. “मी सहाशे बारा कॅसेटींचं सगळं वाचलंय, टॅमी. असं कुठेही लिहिलेलं नाही.”

आईने टेबलावरची कॅसेटची पिशवी उचलली. तिच्यावर बाबाचं लेबल होतं, क्रमांक ००१, कडेला समांतर, एक मिलिमीटरचाही फरक नाही. आईने नखाने कोपरा उचलला आणि ते सोलून बाबाच्या हातात दिलं. खाली लाल अक्षरात कारखान्याने छापलं होतं: ‘बंद करताना रिसेट दाबून धरा. अन्यथा साठवलेला खेळ पुसला जाऊ शकतो’.

“शकतो म्हटलंय,” रस म्हणाला. “जाईलच असं नाही.”

त्याने पुन्हा बटण दाबलं. पडदा निळा झाला, तोच सूर वाजला, आणि अक्षरं उमटली: ‘नवा खेळाडू. नाव लिहा’.

ड्रायरच्या पत्र्यावर आईची बोटं एकदा वाजली आणि थांबली. बाबा पडद्याकडे बघत राहिला. रसने घसा साफ केला.

“खरं तर,” तो म्हणाला, “कडक अर्थाने पाहिलं तर ती आता जास्त मूळ स्थितीत आहे. कारखान्यातून निघाली होती तशीच. मला वाटतं शाईचा गेलेला अर्धा गुण परत देता येईल.” त्याने गोंदाच्या डब्याचं झाकण उघडलं. “करूया बंद, लायल?”

बाबाने त्याच्याकडे पाहिलं. मग हातातल्या सोललेल्या लेबलाकडे पाहिलं. ते त्याच्या अंगठ्याला चिकटलं होतं.

“रस,” तो म्हणाला, “वर जा आणि चीज खा.”

“पण मंडळाचा मान...”

“गरम आहे तोवर खा.”

रस वर गेला. हातमोजे काढल्याचा आवाज आला नाही, पण ताटलीचा आला.

आईने टोपलीतले कपडे ड्रायरमध्ये कोंबले, दार पायाने लोटलं आणि ड्रायर सुरू केला. विचारलं नाही. मग टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली, कंट्रोलर घेतला आणि एकेक अक्षर निवडून आपलं नाव लिहिलं. थोड्या वेळाने आर्द्रतामापक ओरडायला लागला. बाबा उठला, त्याचा आवाज बंद केला आणि परत येऊन पायरीवर बसला.

“पहिली घंटा कुठे असते?” त्याने विचारलं.

“जंगलात. आता मला वाट आठवत नाही.”

“मग?”

“मग काय? तेव्हा मी नकाशा काढला होता. कागद आण आणि मी सांगते तसं काढत जा. डावीकडे तळं. तळं म्हटलं मी, लायल, चौकोन काय काढतोस!”

“सगळं चौकोनीच आहे यात.”

“तोंड मिटून काढ.”

तळघरात कागद नव्हता. बाबाने लेबलांचा कोरा रोल घेतला आणि त्याच्यावर जंगल काढायला सुरुवात केली. जंगल फूटभर लांब झालं, मग खुर्चीखालून गेलं, मग ड्रायरपर्यंत पोचलं. ड्रायर थांबला तेव्हा पहिली घंटा वाजली. आईने खेळ साठवला. बंद करताना रिसेट तिने दाबून धरलं, आणि तिच्या बोटावर बाबाने आपलंही बोट ठेवलं.

“मी धरलंय,” आई म्हणाली.

“असू दे.”

जेवायला जाण्याआधी मी ‘वापरू नये’ पेचकस आणला. या वेळी बाबाने विजेरी धरली. कारखान्यातला स्क्रू पहिल्याच पिळाला सैल झाला. आत हिरवी पट्टी, एक चिप, कोपऱ्यात तो नाण्याएवढा सेल. मी व्होल्टमापकाच्या दोन्ही सुया त्याच्या दोन बाजूंना टेकवल्या. तळघराची आर्द्रता एकसष्ट टक्के होती. पस्तीस वर्षांच्या सेलचा दाब भरला २.९८ व्होल्ट.