मूर्तिजापूरच्या आभाळात

माझं ठरलं होतं. अकोल्याच्या धावपट्टीवर उतरायचं, गेटपाशी बाबांना भेटायचं आणि सांगून टाकायचं, की बस झालं, मी घरी येते. विमान मात्र परत अमरावतीला न्यावंच लागणार होतं, ते काही एसटीसारखं कुठल्याही आगारात लावून देता येत नाही. ते पोचवायचं, खोली रिकामी करायची आणि रविवारी गावी, हिवरखेडला.

एकटीनं दुसऱ्या गावापर्यंत उडण्याची ती माझी पहिलीच खेप. अमरावतीशेजारी, बडनेऱ्याजवळच्या माळावर आमचं फ्लाइंग कॉलेज होतं. एक हँगर, दोन खुर्च्यांची तीन छोटी विमानं, एक हॉस्टेल आणि चहूकडे वारा. माळ्याच्या पोरीला सरकारी शिष्यवृत्तीवर पायलटची जागा मिळाली म्हणून पेपरात माझा फोटो आला होता. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात एकाच कारणानं यायचं, त्यामुळे लोकांना माझं कौतुक जरा जास्तच वाटलं. सत्कार झाला, शाल मिळाली, सरपंचांचं लांबलचक भाषण झालं. पुढं त्या पोरीनं कुणाशी बोलायचं, हे मात्र भाषणात नव्हतं.

हॉस्टेलमध्ये कुणी दिल्लीचं, कुणी हैदराबादचं. वाईट कुणीच नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता आलं असतं, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "विदर्भ? वो जहाँ किसान..." आणि पुढचं न बोलता माझ्याकडे असं बघितलं, की जणू सुतक मलाच आहे. मी म्हटलं, "हमारे यहाँ फूल होते हैं. गेंदा, शेवंती." ती 'अच्छा' म्हणाली आणि विषय संपला. जेवताना त्यांच्या गप्पा मला समजायच्या, पण मी उत्तर जुळवेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. मग मी ताटात बघून जेवायला शिकले. रविवारी आईचा फोन यायचा, पण तो घरभर फिरायचा आणि जो तो एकच विचारायचा, कुठंलोग, म्हणजे कुठवर, उडाली? मी कशी आहे ते सांगायची वेळच यायची नाही. मला तिथं फार एकटं वाटायचं. विमानात नव्हे, जमिनीवर.

त्यात रेडिओ. बोलण्याआधी हँडलवरचं बटन दाबून धरावं लागतं, नाहीतर आवाज जातच नाही. मी सुरुवातीला हमखास विसरायची. शिकवणारे कॅप्टन साहेब शेजारून ओरडायचे, "बटन दबाओ मॅडम, किससे बात कर रही हो, खिडकी से?" इतकं ओरडले, की पुढं पुढं मी तोंड उघडायच्या आत अंगठा आपोआप बटनावर जायला लागला.

तर त्या दिवशी सकाळी मी निघाले. दिवाळी तोंडावर होती. बाबा झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजारात आलेले असणार आणि फुलं खपली की तिथल्याच शिवणीच्या विमानतळाच्या गेटवर थांबणार, असं फोनवर ठरलं होतं. बडनेरा मागं पडलं. खाली रेल्वेचा रूळ धरून चाललं की मूर्तिजापूर आणि पुढं अकोला, रस्ता चुकायचा प्रश्न नव्हता. शेतांत कापूस फुटला होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा कॅप्टननी स्वतः बांधून दिला होता, लोंबकळू नये म्हणून.

मूर्तिजापूरच्या अलीकडे अमरावतीचा आवाज तुटतो आणि अकोल्याला तर रेडिओवर उत्तर द्यायला कुणी बसलेलंच नसतं. अशा ठिकाणी ठरलेल्या एका फ्रिक्वेन्सीवर आपणच सांगत जायचं, की मी इथं आहे, इतक्या उंचीवर आहे. आसपास कुणाचं विमान असेल तर त्यानं ऐकावं, नसेल तर नाही. मी इंग्रजीत सगळं रीतसर सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

मग मी बाबांशी बोलायची तयारी सुरू केली. मोठ्यानं, कारण मनातल्या मनात केलेली तयारी ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

"बाबा, मले नाई राहाचं तिथं. मले उडता येते, सगळं येते, कॅप्टनही म्हन्ते. पन बोलाले कोनी नाई. दीड वर्षात कोनी मले 'रागिणे' म्हनून हाक नाई मारली. मी घरी येतो बाबा, फुलं तोडतो, बाजारात बसतो. लोकं काय म्हनायचं ते म्हनू द्या."

पुढचं वाक्य जुळवायला थांबले. अंगठा सुटला आणि त्याच क्षणी कानात आवाज आला.

"बाई, बटन दाबून बोलून राहिली तू. आयकू येऊन राहिलं सगळं."

आता तक्रार होणार, कॅप्टन कॉलेजातून नाव काढून टाकणार. घरी जायचं ठरवलेल्या मुलीला त्याची एवढी भीती का वाटावी, ते मला तेव्हा सुचलं नाही. मी "सॉरी सर" म्हटलं.

"सॉरी काहून? मी अजहर. चांदूर रेल्वेचा. नागपूरवरून मुंबईले इमान घेऊन चाललो, तुह्या लय वर हाओ मी. तू कोन्या गावची?"

"हिवरखेड. तेल्हाऱ्याजवळचं."

"बरं. बोल ना अजून."

"तुमच्या बाजूले कोनी नाई का?"

"हाये ना. दिल्लीचा हाये. चांगला हाये पोरगा, पन त्याले आपलं काय समजते." मग तो म्हणाला, "खाली काय दिसते तुले? मले इथून काईच दिसत नाई. रोज गावावरून जातो अन् रोज नुसते ढग."

मी सांगितलं. कापूस फुटलाय, तूर हिरवीगार आहे, एका बांधावर दोन बैल बसलेत, रुळावर मालगाडी उभी आहे, डबे मोजायला गेलं तर संपत नाहीत. तो मध्येच "हो", "हो" म्हणत होता. एवढं लक्ष देऊन माझं कुणी ऐकल्याला किती दिवस झाले होते.

मग मी धीर करून विचारलं, "मी सोडून देऊ का? घरी जाऊ का?"

"जाय ना. कोन अडवते." आवाजात खरखर वाढायला लागली होती. "मी बी गेलतो. वाटलं, गावात गेलं की जाईन हे एकटेपन. नाई जात बाई. तू वरून पाहून आली, हे लोकं इसरत नाई. तुह्या घरचे बी नाई इसरनार."

मी म्हटलं, "माहे बाबा तसे नाई."

तो काहीतरी बोलला, पण मला फक्त 'मुंबई' कळलं. नंतर नुसती खरखर. मी दोनदा हाक मारली. मग अकोल्याची धावपट्टी शोधायला लागले.

उतरले चांगली. विमानतळाच्या माणसानं कागदावर सही दिली आणि म्हणाला, वीस मिनिटं आहेत, जाऊन या. मी गेटकडे जवळजवळ पळतच निघाले. बाहेर रस्त्याकडेच्या पुलियाच्या कठड्यावर बाबा वॉचमनशी गप्पा मारत बसले होते, शर्टाच्या बाहीला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मला वाटलं, पांढऱ्या गणवेशात मला ओळखणार नाहीत. पण त्यांनी लांबूनच ओळखलं आणि ते उठून उभे राहिले.

तलाठी आला किंवा बँकेचे साहेब आले की ते असेच उठतात. चटकन, मागची धूळ झटकत, दोन्ही हात पुढं धरून. माझ्यासाठी ते आयुष्यात कधी असे उठले नव्हते. घरी मी यायची तेव्हा बसल्या जागेवरून म्हणायचे, "आली का वं?"

"बसा ना बाबा," मी म्हटलं.

"राहू दे. तू बस."

मी पुलियावर बसले, म्हणजे ते बसतील. ते उभेच राहिले. वॉचमनला म्हणाले, "बाईले पानी आन ना भाऊ." त्यांच्या डोळ्यांत एवढा आनंद होता, की मला त्यांच्याकडे बघवेना. मी तोंड उघडलं. तयार केलेलं सगळं पाठ होतं.

"तब्येत बरी हाये ना?" त्यांनी विचारलं. "तुमच्या कालेजात सगळे चांगले असन ना?"

"चांगले हायेत," मी म्हटलं.

"मंग घरी कई येतं?"

बसलेल्या लेकीसमोर बाप असा उभा, हे मला सोसेना. मी उठले.

"येईन बाबा. कोर्स झाला की येईन."

"बरं," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरायला पुढं झाले, तर त्यांनी तो शर्टाला पुसला आणि मागं घेतला. म्हणाले, हात मळके आहेत, पांढऱ्या कपड्याला लागेल. वीस मिनिटांतली अजून बरीच शिल्लक होती, पण तेच म्हणाले, जाय, उशीर होईन.

गेट उघडायचं काम वॉचमनचं होतं. तो पाणी आणायला गेलेला. बाबा माझ्या आधी धावत गेले, त्यांनी गेट ओढलं आणि मी आत जाईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून बाजूला उभे राहिले.