बैलामागचे बगळे

धर्मराजनं पंच्याच्या टोकाला मूठभर कण्या बांधल्या, गाठ दातांनी आवळली, आणि भाकऱ्या थापणाऱ्या वेणूबाईचा जीव भांड्यात पडला. निघाला बाई एकदाचा म्हातारा! खैऱ्या बैल गेल्यापासून त्यानं ओटीवरचा खांब सोडला नव्हता. चहा तिथंच, जेवण तिथंच, कुरकुरही तिथंच. शेजारपाजारचे विचारून थकले, पण नवरोबा काही हेंद्रेपाड्याच्या गल्लीबाहेर पाऊल टाकीना.

तसा खैऱ्या काही अकाली गेला नव्हता. खाऊनपिऊन म्हातारा झाला आणि गोठ्यातच डोळे मिटले. पण धर्मराजला वाटलं, आपलंच जू मोडलं. मागं उरला नंद्या. एका बैलावर औत चालत नाही, आणि दुसरा आणावा तर त्याची उस्तवार कोण करणार? सुयोग, त्यांचा मुलगा, अंबरनाथला कारखान्यात. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. म्हणून यंदा त्यानं भाताच्या चिखलणीला भाड्यानं टिलर ठरवला, नांगरटीचं यंत्र. झालं! बापानं लेकाशी अबोला धरला.

तो अबोला काल जेवताना मोडला, पण न मोडता तर बरं झालं असतं असं वेणूबाईला वाटून गेलं.

"त्या डबड्यामागं बगळे यायचे नायत," धर्मराज आमटीत बघत म्हणाला. "ते बैलामागं येतात. माझ्या बैलामागं."

"आणि आले तर?" सुयोगनं विचारलं.

"आले तर मी परत शेतात पाय ठेवणार नाय. नाय आले तर ते डबडं माघारी जाईल नि नंद्याला जोडीदार येईल. बोल!"

"ठरलं."

वेणूबाईनं लेकाकडं असं पाहिलं की त्याचा घासच अडकला. मेल्या, कुणाशी पैज लावतोस! हा माणूस एकदा तिच्या भावावर रुसला आणि म्हणाला, तुझ्या घरचं पाणी पिणार नाय. तर भाच्याच्या लग्नाला हा घरून कळशी भरून घेऊन गेला होता. भर मांडवात! आता शेत सोडीन म्हणाला म्हणजे सोडणारच. आणि शेत सुटलं की उरतो तो ओटीवरचा खांब. खांबाला टेकून बसलेली माणसं पुढं काय होतात, हे तिनं पाहिलं होतं.

त्यात नातीनं तेल ओतलं. ऋतिका अकरावीला, सायन्सला. उल्हासनगरच्या कॉलेजात जायला लागल्यापासून तिला सगळ्या जगाचं नाव ठाऊक झालं होतं.

"आजोबा, त्याला कॉमेन्सलिझम म्हणतात. सहभोजिता. बैल चालला की गवतातले किडे उडतात, बगळ्याला आयते खायला मिळतात. बगळ्याचा फायदा. बैलाला ना फायदा ना तोटा."

"बैलाला काय नाय?"

"काहीच नाही. पुस्तकातच आहे. और एक बात, बगळे दाणे खातच नाहीत. तुम्ही बांधावर कण्या टाकता त्या कोण खातं मग?"

वेणूबाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. कण्या साळुंक्या खातात, हे ती लग्नाच्या वर्षापासून पाहत आली होती. धर्मराज दर चिखलणीला मोठ्या मानानं मूठ उधळायचा, पाठ फिरवून औताला लागायचा, आणि इकडं साळुंक्यांची पंगत बसायची. तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याची एकेक चूक सुधारत बसलं तर संसार कधी करायचा माणसानं?

आणि आज तो पुन्हा कण्या बांधून निघाला होता.

भाताची खाचरं नदीच्या अंगाला होती. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. रविवार असल्यामुळं गॅलऱ्यांतून माणसं चहाचे कप घेऊन खाली बघत होती. धर्मराजनं नंद्याला कडेच्या माळावर सोडलं, बांधावर उकिडवा बसला, आणि कण्यांची गाठ मुठीत धरून ठेवली. वेणूबाई नि ऋतिका भाकरीची टोपली घेऊन त्याच्या मागं उभ्या राहिल्या.

बगळे आले. डोक्यावर नि गळ्यावर हळद फासल्यासारखे, पावसाळ्यात होतात तसे. सरळ नंद्याच्या पायांशी उतरले.

"बघा! बघा म्हणतो!" धर्मराजनं मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात सुयोगनं टिलर सुरू केला. आवाज असा की गॅलरीतलं एक पोर रडायला लागलं. काळा धूर निघाला आणि बगळे फडफडत विजेच्या तारेवर जाऊन बसले. वेणूबाईनं मनात हात जोडले. देवा, तिथंच बसू देत रे. लेकानं भरलेलं भाडं वाया जाऊ दे, टिलर माघारी जाऊ दे, मी नंद्याच्या जोडीदाराचं शेण उचलीन, पण या माणसाला खांबाला परत पाठवू नकोस.

सुयोगची एक फेरी झाली. दुसरी झाली. चिखल उलटला, खेकड्यांची पिल्लं, गांडुळं, किडे वर आले. तारेवरचा एक बगळा मान लांबवून पाहू लागला. मग उतरला. त्याच्यामागं दुसरा, आणि मग सगळी वऱ्हाडमंडळी! टिलरच्या मागं अशी धावली की सुयोग मागं वळून बघतो तर चिखल दिसेना, नुसतं पांढरं. गॅलरीतून टाळ्या पडल्या. सुयोगचं तोंड मात्र उतरलं. जिंकला होता बिचारा, आणि आता काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

माळावर नंद्यानं मान वर केली, गेलेल्या बगळ्यांकडं पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. त्याचं काही बिघडलं नव्हतं.

धर्मराज मात्र उठून उभा राहिला. मग त्यानं पंच्याची गाठ सोडली आणि कण्या एकदम बांधावर टाकल्या.

"खा गं साळुंक्यांनो," तो म्हणाला. "तुमचं तरी खरं."

वेणूबाईला भडभडून आलं. ठाऊक होतं तर त्याला! किती वर्षं ठाऊक होतं कोण जाणे.

"अवो, भाकर तरी खाऊन जा," ती म्हणाली.

"नाय. बोललो ते बोललो."

बांध निसरडा झाला होता, म्हणून तो माळ तुडवत निघाला. गुडघाभर गवत, हातात काठी. पाऊल पडलं की गवतातून नाकतोडे उडत होते, याच्याकडं त्याचं ध्यान नव्हतं.

ध्यान गेलं ते एका बगळ्याचं. टिलरमागच्या गर्दीत त्याला कुणी जागा देत नव्हतं वाटतं. तो उडून माळावर आला आणि धर्मराजच्या टाचेमागं चालू लागला.

"आजी, ते बघ—"

"गप!" वेणूबाईनं नातीचा दंड धरला.

काठीचा आवाज थांबला. धर्मराजनं मागं पाहिलं. बगळाही थांबला आणि आपण सहजच इकडं आलोय अशा थाटात दुसरीकडं पाहू लागला. धर्मराज दोन पावलं चालला. बगळा दोन पावलं चालला. गवतातून नाकतोडा उडाला, मान लवली, गट्टम.

माळाच्या टोकाशी घरची वाट लागत होती. धर्मराज तिथपर्यंत गेला. उभा राहिला.

तो माघारी वळला.

या वेळी तो हळू चालत होता. काठी जरा लांब टाकून गवत हलवत होता, मुद्दाम. सुयोगनं टिलर बंद केला आणि चिखलात उभा राहून बापाकडं बघत हसू लागला. फेरी पुरी करून धर्मराज बायकोसमोर आला. चेहरा गंभीर, पण मिशी हलत होती.

"शेतात पाय ठेवणार नव्हतात ना?" वेणूबाईनं विचारलं.

"हा माळ हाय. शेत त्या बांधापासून पलीकडं." त्यानं काठीनं हद्द दाखवली. "उद्यापासून नंद्याला चारायला मीच आणणार. त्याला एकट्याला झेपायचं नाय."

"काय झेपायचं नाही?"

त्यानं खांद्यावरून मागच्या बगळ्याकडं पाहिलं. नातीला जवळ बोलावलं, तेही हळूच, मागचा उडू नये म्हणून.

"ऋतिका, बैलाला काय मिळतं म्हणालीस?"

"काहीच नाही, आजोबा. पुस्तकात तसंच आहे."

"मग लिवणारा कधी बैल झाला नसंल," धर्मराज म्हणाला आणि वळला. "भाकर झाकून ठेव गं. आणखी एक फेरी मारून येतो."