घरच्यांना पाठ दाखवा

बागेच्या फाटकावर बसणाऱ्या थोरलीला लोक माघारी ‘गोचीडताई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. म्हणोत बापडे. येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची: पायवाट सोडू नका, गवतात बसू नका, आणि घरी गेल्यावर घरच्यांना पाठ दाखवा. लोक माना डोलवायचे आणि वळणाआड गेले की गवतातच सतरंजी पसरायचे. मागच्या वर्षी गोचीड चावून बागेचा माळी तापानं असा फणफणला, की जिवावरचं थोडक्यात निभावलं. अजून त्याचे गुडघे धरतात. पण ज्याला चावलेली नाही, त्याला हे सगळं थोतांडच वाटतं.

त्या दिवशी कुणाचा तरी चेंडू गवतात गेला आणि रडणाऱ्या पोरीची दया येऊन थोरली स्वतःच आत शिरली. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी दोन खांद्यांच्या मध्ये, बोटाच्या अगदी टोकाला, तिळाएवढं काहीतरी लागलं. आरशात बघायला गेली तर मान अवघडली. चिमटा होता, पण हात पोचेना. गोचीड जितका वेळ चिकटून राहील तितकी तापाची भीती जास्त, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

घरात दुसरं माणूस होतं, हीच तर अडचण होती. आई गेल्यावर धाकट्या बहिणीनं आईचं कपाट हिला न विचारता देऊन टाकलं, तेव्हापासून दोघींचा अबोला होता. चहासुद्धा दोघी आपापला करायच्या. जगाला शहाणपण शिकवायचं आणि घरात ही तऱ्हा. थोरलीला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी चिमटा घेऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली. धाकटीनं आधी चिमट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बस. दिव्याकडे पाठ कर.”

“तेल लावू नकोस,” थोरली घाईघाईनं म्हणाली. “कातडीला चिमटा टेकवून सरळ ओढ. पिळू नकोस.”

“माहितीये. रोज ऐकते की.”

“कुठं ऐकतेस?”

“बागेतच. मागच्या फाटकानं येते फिरायला. पुढं तू असतेस ना. पण आवाज येतो तुझा.”

जरासं टोचलं. गोचीड अख्खी निघाली. धाकटीनं ती जागा साबणानं धुतली, पुसली. “आता ताप आला, चट्टा उठला, तर अंगावर काढू नकोस, ताई. मला सांग.”

थोरलीनं तिच्या हातातला चिमटा घेतला. “आणि तुझी पाठ कोण बघतं?”

धाकटी वळून दिव्याकडे पाठ करून बसली.

थोरलीनं मानेपासून कमरेपर्यंत बोटं फिरवली, कानांच्या मागंही पाहिलं. काहीच नव्हतं. पण तसं तिनं लगेच सांगितलं नाही.