हवालदारानं राखलेली मेंढरं

सकाळी अकराच्या सुमारास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन आला. गाडी दरीत कोसळून आदिनाथ नावाचा जवान जखमी झाला होता. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता तो पुण्याच्या लष्करी रुग्णालयात होता आणि आईवडिलांचा फोन लागत नव्हता.

कार्यालयातले कल्याण संघटक साहेबराव, स्वतः निवृत्त हवालदार, मोटारसायकलवर आदिनाथच्या पिशोरजवळच्या वस्तीवर गेले. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मेंढरं घेऊन करमाडकडं गेलेत. दुपार कलताना करमाडपुढं, वेचणी संपलेल्या कपाशीच्या रानात त्यांना कळप सापडला.

"आदिनाथचा अपघात झालाय," साहेबराव म्हणाले. "जिवाला धोका नाही. पण डावा पाय गुडघ्याखाली काढला."

त्याची आई राजाबाई होती तिथंच खाली बसली. बाप मुंजाबानं मेंढरांकडं पाहिलं.

"हिला न्या साहेब. मला नाय येता येत. अकरा मेंढ्या व्यायला झाल्यात."

"दोघंही जा. मी थांबतो."

"तुम्हाला येतं का यातलं?"

"नाही. सांगाल तसं करीन."

"पोरानं डोळं उघडलं की बापाला हुडकंल," राजाबाई म्हणाली.

मग मुंजाबानं तासभर सगळं दाखवलं. रात्री कळपाभोवती जाळी कशी लावायची, कुत्र्याला काय घालायचं, मेंढी विताना हात कधी लावायचा नाही. संध्याकाळी कार्यालयातल्या सुकेशनी मॅडम गाडी घेऊन आल्या आणि दोघांना पुण्याला घेऊन गेल्या.

साहेबरावांनी रजा टाकली. चार दिवसांत सात मेंढ्या व्याल्या, एक कोकरू दगावलं. तिसऱ्या दिवशी कळप शेजारच्या हरभऱ्यात घुसला. शेतमालकाच्या शिव्या त्यांनी गुमान ऐकून घेतल्या.

पाचव्या दिवशी मुंजाबा एकटाच परतला. राजाबाई पोराजवळ राहिली होती. साहेबरावांनी आधी मेलेल्या कोकराचं सांगितलं.

"व्हतं असं," मुंजाबा म्हणाला.

"आदिनाथ कसा आहे?"

"पायाचं काय बोलला नाय. मेंढरं कुणाजवळ टाकली, म्हणाला. म्हणलं, हवालदाराजवळ."

"मग?"

"हसला. मग लई रडला. दोन दिवस रडला नव्हता म्हणं."

मुंजाबानं चूल पेटवून दोघांपुरता चहा ठेवला. तो पिऊन साहेबराव शहराकडं निघाले.