आठवडाभरासाठी विकलेलं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. हेस्केल आणि अबू नायेफ यांची बावीस वर्षांची मैत्री माझ्यावरून तुटली आणि पुन्हा जुळली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काहीही घडलेलं नाही. आमच्या जिन्यात सगळे असंच वागतात, त्यामुळे मलाही सवय झाली आहे.

तर माझा जन्म हैफामधल्या एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर झाला. अबू नायेफ या अरब सुताराचं घर मागे आणि कारखाना पुढे. त्याने मला सरूच्या लाकडातून घडवलं. चार खण, दोन दारं, पितळी कुलूप. दुसऱ्या मजल्यावर हेस्केल आणि त्याची बायको नईमा नुकतेच राहायला आले होते. हेस्केल ज्यू, पण त्याचे आईबाप बगदादचे, त्यामुळे तो अरबीतून भांडू शकत असे. अबू नायेफला तो पहिल्याच दिवशी आवडला, तो बहुधा याच कारणाने.

मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि लगेच तक्रार सुरू झाली.

"दार घासतंय," हेस्केल म्हणाला.

"तुझी फरशी वाकडी आहे."

"फरशी सरकारी मोजमापाने बसवलीय."

"म्हणून तर वाकडी आहे."

अबू नायेफने दाराला खालून रंधा मारला. जरा जास्तच मारला. खाली बोटभर फट राहिली.

"सुतार आहेस की न्हावी?" हेस्केलने विचारलं. पुढची बावीस वर्षं तो हेच विचारत होता.

मित्रांनो, वर्षातले एकावन्न आठवडे मी रवा सांभाळत असे. माझं खरं आयुष्य उरलेल्या एका आठवड्यात होतं. वल्हांडण सणात ज्यू माणसाच्या मालकीचं पाव, पीठ, रवा, बिअर असं काहीही असता कामा नये. टाकून द्यायला जीव होत नाही. म्हणून हे सगळं कपाटात कोंडून ज्यू नसलेल्या माणसाला रीतसर विकायचं आणि सण संपला की परत विकत घ्यायचं. बहुतेक लोक हे काम आपल्या धर्मगुरूंवर, रब्बींवर सोपवतात. हेस्केलला ते पटत नसे.

"जिन्यात आपला माणूस असताना माझी बिअर परक्याला विकू?" तो म्हणे.

मग अबू नायेफ वर येई, कागदावर सही करी आणि माझी किल्ली खिशात घाली. ज्याने मला घडवलं त्यालाच मी दरवर्षी विकला जात असे. असं भाग्य फार थोड्या कपाटांना लाभतं.

"आमच्या मशिदीत कळू देऊ नकोस हं," तो हेस्केलला बजावी. "आठवडाभर मी सहा बाटल्या बिअरचा मालक आहे. आणि यंदा परत देणार नाही. रवा चांगला दिसतोय."

हा विनोद बावीस वर्षांत बदलला नाही. हेस्केल दर वेळी तितकाच घाबरून दाखवत असे.

शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की अबू नायेफ किल्ली आणि त्याची बायको उम्म नायेफ हिने भाजलेल्या गरम भाकऱ्यांची चळत घेऊन येई. आठवडाभर बेखमीर भाकरी चावून हेस्केलचा जबडा दुखत असे. तो आधी भाकरी खाई, मग कागदावर सही करी. नईमा चहा ठेवी. माझं दार उघडलं की मला दोघांचे चेहरे एकदमच दिसत.

मग ते वर्ष आलं. इमारतीच्या तळघरात, रॉकेटहल्ल्याचा भोंगा वाजल्यावर जिथे सगळ्यांनी जायचं असतं तिथे, कुणाची तरी सायकल चोरीला गेली. इमारतीच्या समितीने नवं कुलूप लावलं. बिऱ्हाडं पाच होती आणि किल्ल्या चार केल्या. "खालच्यांना कशाला?" असं कुणीतरी म्हणालं. हेस्केल समितीचा चिटणीस होता. त्याने काही न बोलता यादी लिहिली. अक्षर सुंदर होतं.

तीनच दिवसांनी त्याने मला अबू नायेफला विकलं, बॅगा भरल्या आणि सणासाठी नईमाला घेऊन तिबेरियाला लेकीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. सणामुळे इमारतीत खालची दोघंच होती. उम्म नायेफ दुखरे गुडघे घेऊन तळघराच्या दारापर्यंत गेली. अबू नायेफने कुलूप ठोकलं, ओढलं, शिव्या दिल्या. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं. ती दहा मिनिटं पायरीवर बसून राहिली. त्या दिवशी आमच्या गल्लीत काहीच पडलं नाही. नंतर लोक म्हणाले, मग एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला?

सण संपायला दोन दिवस असताना हेस्केल परत आला, त्याच दिवशी अबू नायेफ वर आला. बसला नाही.

"तुझ्या घरातल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे," तो म्हणाला, "आणि तळघराची नाही?"

"समितीने ठरवलं."

"यादीवर अक्षर कुणाचं आहे?"

अबू नायेफ निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नईमा बाजारात गेली असताना हेस्केलने नवी किल्ली करून आणली. तळघराची, पाचवी. ती घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. समोर जाऊन द्यायची तर आधी काहीतरी बोलावं लागलं असतं. मग त्याला एक युक्ती सुचली. ती मला आजही सहन होत नाही. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने किल्ली खालच्या फटीतून आत सरकवली.

"कपाटातलं सगळं त्याचंच," तो पुटपुटला. "उघडेल तेव्हा मिळेल."

सण संपला. सूर्य मावळला. नईमाने चहा ठेवला. कुणी आलं नाही.

"जा की खाली," ती म्हणाली.

"त्याने यायचं असतं. दरवर्षी तोच येतो."

"दरवर्षी त्याची बायको पायरीवर नसते बसलेली."

शेवटी तीच खाली गेली. निरोप घेऊन आली : बोलावलं तर येतील. हेस्केल म्हणाला, आजवर कधी बोलावलं होतं? चहावर साय धरली.

अशी तीन वर्षं गेली. मी कायद्याने खालच्याचा, उभा वरच्याकडे. दुसऱ्याचा माल म्हणून हेस्केल मला हात लावत नसे. माझ्या रव्यात किडे झाले, पिठात मुंग्या शिरल्या. त्यांचं पहिल्या महिन्यात बरंच बिनसलं, मग मधला खण रिकामा सोडून दोन्ही पक्ष सुखाने राहू लागले. त्यांना समिती नव्हती.

भोंगा वाजला की हेस्केल तळघराचं दार उघडं धरून ओरडे, "उम्म नायेफ, या ना!" ती जिन्याखालीच बसून राही. "गुडघे दुखतात," म्हणे. पाहुणी म्हणून आत जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि तिच्या हक्काची किल्ली माझ्या पोटात, रव्याच्या पिशवीशेजारी होती. हे फक्त हेस्केलला आणि मला माहीत होतं. त्याला बोलता येत होतं.

या वसंतात हेस्केल आणि नईमा कायमचे लेकीकडे गेले. हमालांनी विचारलं, "हे कपाट?"

"ते माझं नाही."

हमाल खाली गेल्यावर तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. फटीत दोन बोटं घातली, चाचपलं. बोटं किल्लीपर्यंत पोचली नाहीत. तो उठला. घराचं दार उघडंच होतं, म्हणून जिन्यातलं मला ऐकू आलं.

"तुझं कपाट वर आहे," हेस्केल म्हणाला.

"माहीत आहे."

"त्यात तुझी..." बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. "त्यात तुझा रवा आहे."

"किडे लागले असतील."

"हो. लागले असतील."

मग ट्रक गेला. अबू नायेफ वर आला नाही. खाली बराच वेळ रंधा चालू होता.

मित्रांनो, बिजागऱ्यांना तेल देत जा. आणि ज्याला जे द्यायचं ते त्याच्या हातात द्या. आम्हा कपाटांवर विसंबू नका. आम्ही फक्त सांभाळू शकतो.

प्रति, मा. अध्यक्ष, इमारत समिती. अर्जदार सरूचं कपाट असून त्याची मालकी तळमजल्यावर व ताबा दुसऱ्या मजल्यावर आहे. तरी नम्र विनंती की, अर्जदारास एकदाच, कोणत्याही एका दिवशी, स्वतःचं दार आतून उघडण्याची लेखी परवानगी मिळावी.