कपाटातले तीन आठवडे

मी एक सूक्ष्मदर्शक आहे. डोळा एकच, पण नजर बारीक. उमेदीची वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचे पापुद्रे बघण्यात गेली आणि म्हातारपणी या गोठ्यावर आलो.

मला आणलं ताईंनी. गोठा त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा. उन्हाळा सरताना कुरणात, गवताच्या बुडाशी वाळलेल्या पात्यांवर एक बुरशी धरते. वरून सगळं हिरवंगार, खाली विष. ते गाईचं यकृत नासवतं, आणि मग साधं ऊनही तिची कातडी भाजून काढतं. झाल्यावर इलाज नाही. आधीच खुराकातून जस्ताचं औषध द्यावं लागतं. म्हणून ताई एक दिवसाआड गवत कापून पाण्यात घुसळत, त्यातला थेंब माझ्याखाली ठेवत आणि बुरशीचे कण मोजत.

त्या वर्षी ताईंच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सासरी निघताना ताई भावाला म्हणाल्या, "मोजायचं चुकवू नकोस रे."

"अगं, जा तू निर्धास्त. नुसतं गवत बघून कळतं मला."

मी कपाटात गेलो. दोन दिवस झिमझिम झाली, मग उकडू लागलं. फटीतून कुबट वास यायचा. मी जाणून होतो, पण सांगणार कसं?

तिसऱ्या आठवड्यात दूध घटलं. कवडी, त्यांची पांढरी गाय, सावली सोडेना, सडांना हात लावू देईना. भावाने धावत येऊन मला बाहेर काढलं. थेंबात कणांची नुसती दाटी. मोजताना त्याचा आकडा चुकला, पुन्हा चुकला.

डॉक्टर आले. कवडीच्या पाठीची कातडी सुटू लागली होती. "तहान लागल्यावर विहीर खणताय," ते हळूच म्हणाले. "बाकीच्यांना औषध सुरू करा, कुरण बदला. हिला अंधारात ठेवा."

बाकीच्या वाचल्या. कवडी पाचव्या दिवशी गेली.

ताई परतल्या, तेव्हा भाऊ रिकाम्या दाव्यापाशी उभा होता. "मला वाटलं, मला कळतं," एवढंच बोलला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्याच्या शेजारी बसल्या.

आता माझ्या भिंगाला चरे पडलेत. नवं यंत्र यायचंय. भाऊ रोज सकाळी न चुकता मोजतो, पण आकडा लिहिताना त्याची नजर कवडीच्या रिकाम्या दाव्याकडे जाते, ते बघून मला बरं वाटत नाही. जाता जाता एकच सांगणं: आम्हाला आपणहून बोलता येत नाही. विचारायला तुम्हालाच वाकावं लागतं.